ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर कसा निवडावा?

दिवाळी सरते, थंडीची चाहूल लागते आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. त्यानंतर मार्च-एप्रिलपर्यंत कृष्णा, पंचगंगा, नीरा, भीमा, प्रवरा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या वाहनांची रीघ लागलेली असते. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तोडल्या क्षणापासून त्याचे वजन घटू लागते आणि एक-दोन दिवस तो पडून राहिला तर साखरेचा उताराही घसरतो. सबब ऊस पिकविण्याइतकेच तो वेळेवर कारखान्याच्या काट्यावर नेऊन पोचविणे महत्त्वाचे ठरते, आणि म्हणूनच अनेक शेतकरी स्वतःचा ऊस नेण्यासाठी अथवा हंगामात वाहतुकीचा ठेका घेण्यासाठी ट्रॅक्टर खरेदी करतात.

अशा वेळी गावोगाव पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच: "किती अश्वशक्तीचा घ्यावा?" विक्रेताही त्याच आकड्याने सुरुवात करतो, शेजाऱ्याचा पंचेचाळीसचा असेल तर आपला पंचावन्नचा असावा अशी स्वाभाविक ईर्ष्याही असते, आणि व्यवहार पुरा होतो. वस्तुतः भार ओढण्यासाठी ट्रॅक्टर निवडताना अश्वशक्ती हा पहिला प्रश्न नव्हे; दुसराही नव्हे. पहिला प्रश्न वजनाचा, दुसरा ब्रेकचा, आणि अश्वशक्तीचा क्रम त्यानंतर लागतो. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु थोडासा हिशेब केल्यास त्यातील तथ्य ध्यानी येईल.

जुन्या गाडीवानांना ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक होती. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, त्या काळी ऊस येई तो मुख्यतः बैलगाड्यांनी. बाजारात गाडीचा बैल पारखताना जाणता शेतकरी तो चढणीला किती जोर करतो एवढेच पाहत नसे. उतरणीला तो गाडी अंगावर घेतो की बिचकून पळत सुटतो, हेही पाही. भरली गाडी उतारावर अंगावर घेणारा बैल थोडा मंद असला तरी चालत असे. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हीच पारख आपण विसरलो आहोत.

सपाट रस्ता फसवितो

समजा, एका शेतकऱ्यापाशी ४५ अश्वशक्तीचा, २ टन वजनाचा, मागील दोन चाकांनी चालणारा ट्रॅक्टर आहे. चार चाकी ट्रेलर स्वतः २ टनांचा असून त्यात ८ टन ऊस भरला आहे. म्हणजे ट्रॅक्टरसह एकूण भार १२ टन झाला. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर रबरी चाकांचे वाहन चालत ठेवण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे शेकडा २ इतकी ओढ पुरते. तेव्हा येथे २४० किलो ओढ लागेल. ताशी १५ किलोमीटर वेगाने ही ओढ देण्यास अवघी १३ अश्वशक्ती खर्च होते. मागे आणखी एक तसाच ट्रेलर जोडला तर एकूण भार २२ टन, ओढ ४४० किलो आणि खर्च २४ ते २५ अश्वशक्ती. म्हणजे इंजिनाची निम्मी शक्ती शिल्लकच! शेतकऱ्याची खात्री पटते की ट्रॅक्टर दोन ट्रेलर लीलया ओढतो. वेळप्रसंगी त्यावर आणखी दोन टन चढविण्यासही हरकत नाही.

आता हाच ताफा चढावर घेऊन जाऊ. पन्हाळा, राधानगरी, आजरा, चंदगड या तालुक्यांत ऊस आहे आणि चढउतारही आहेत. वीस मीटर अंतरात एक मीटर उंची वाढते असा चढ, म्हणजे शेकडा ५ चा, अशा भागांत काही विशेष मानला जात नाही. तेथे भाराच्या शेकडा ५ इतकी ओढ अधिक लागते. एका ट्रेलरसह १२ टनांना एकूण ८४० किलो, आणि दोन ट्रेलरसह २२ टनांना १,५४० किलो.

ही ओढ इंजिन निर्माण करते खरे, पण ती रस्त्यावर उतरते मागील चाकांच्या पकडीतून. पकड मिळते ती चाकांवर पडणाऱ्या वजनाच्या प्रमाणात. २ टनांच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर साधारणपणे १,३०० किलो वजन येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याच्या शेकडा ७० धरले तर जास्तीत जास्त ९१० किलो ओढ मिळू शकेल. त्याहून अधिक ओढ मागितली की चाक जागच्या जागी फिरू लागेल. एक ट्रेलर चढून जाईल, परंतु मोजक्या फरकाने. दोन ट्रेलर चढणार नाहीत. त्या ट्रॅक्टरवर ४५ ऐवजी ६० अश्वशक्तीचे इंजिन बसविले तरीही चढणार नाहीत, कारण उणीव इंजिनात नसून वजनात आहे.

म्हणून दोन ट्रॅक्टरांची अश्वशक्ती सारखी असेल तेव्हा अधिक वजनाचा, अधिक लांब बांध्याचा आणि मोठ्या मागील चाकांचा ट्रॅक्टर ओढकामास निवडावा. १३.६-२८ मापाच्या टायरपेक्षा १४.९-२८ किंवा १६.९-२८ मापाचा टायर शेतात अधिक पकड देतो. हलका ट्रॅक्टर पेरणी-कोळपणीस उत्तम, जमीन दाबत नाही, डिझेलही कमी पितो. पण तोच ट्रॅक्टर उसाच्या ट्रेलरला जुंपणे म्हणजे शर्यतीच्या खोंडाला मोटेवर लावण्यासारखे आहे. वजन कमी पडत असल्यास मागील चाकांना लोखंडी वजने लावता येतात, अथवा टायरमध्ये पाणी भरता येते. टायर पाऊण भरेपर्यंतच पाणी भरावे आणि वरील भागात हवा राहू द्यावी. चारही चाके चालविणारा ट्रॅक्टर असेल तर पुढील चाकांवरील वजनही ओढीस उपयोगी पडते. त्याची किंमत अधिक असते, परंतु ज्यांना नित्य ओल्या शिवारातून किंवा चढावरून भार काढावयाचा आहे, त्यांना ती परवडते. केवळ सपाट डांबरी रस्त्यावर फेऱ्या करणाऱ्यास तिची आवश्यकता नाही.

उतार

चढावर ट्रॅक्टर कमी पडला तर तो थांबतो. खोळंबा होतो, डिझेल जाते, क्वचित क्लच जळतो. नुकसान होते, परंतु ते भरून निघते. उतारावर कमी पडलेला ट्रॅक्टर थांबत नाही.

वरचाच शेकडा ५ चा उतार घ्यावा. दोन ट्रेलरांसह २२ टनांचा भार १,१०० किलो जोराने खाली रेटत असतो. चाकांचा स्वाभाविक रोध ४४० किलो वजा केला तरी ६६० किलो जोर ट्रॅक्टरने अंगावर घ्यावयाचा असतो. ट्रेलरांना ब्रेक नसतील, आणि बहुसंख्य ट्रेलरांना ते नसतात किंवा असले तरी बिघडलेले असतात, तर हा सगळा जोर ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांनी पेलावा लागतो. त्या चाकांची कमाल पकड ९१० किलो. म्हणजे भार नुसता धरून ठेवण्यात ६६० किलो खर्ची पडले आणि थांबविण्यासाठी अवघे २५० किलो उरले. ताशी २० किलोमीटर वेगाने उतरणारा हा ताफा ब्रेक दाबल्यापासून सुमारे १४० मीटर अंतर गेल्यावर थांबेल. एकच ट्रेलर असेल तर ३४ मीटर लागतील. रिकामा ट्रॅक्टर ४ मीटरच्या आत उभा राहतो. ट्रॅक्टर खरेदी करताना विक्रेत्याच्या आवारात ब्रेकची जी परीक्षा होते, ती या चार मीटरांचीच होय.

शेतातून चाकांबरोबर येणारा चिखल रस्त्यावर पसरलेला असतो. त्यावर दव पडले अथवा अवकाळी पावसाची एखादी सर आली की पकड शेकडा ४० पर्यंत उतरते. मग मागील चाकांपाशी उरतात ५२० किलो, आणि अंगावर घ्यावयाचे आहेत ६६०. येथे हिशेब संपतो. ब्रेक कितीही दाबला, चाके पुरती जखडली, तरी ताफा वेग घेत जाणार. एकाच ट्रेलरसहसुद्धा अशा ओल्या उतारावर थांबण्यास जवळजवळ १२० मीटर लागतात. त्यातच रस्त्याला वळण असेल तर ट्रेलर मागून ट्रॅक्टरला तिरपा रेटतो, आणि ट्रॅक्टर व ट्रेलर चाकूच्या पात्याप्रमाणे एकमेकांवर मिटतात. अशा अपघातात सापडतो तो चालक, आणि पुष्कळदा उसावर बसून निघालेली तोडणीची माणसे.

आता ट्रेलरांना ब्रेक आहेत असे धरून हाच हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक ट्रेलरच्या एकाच आसाला ब्रेक असून तो १,५०० किलो जोर देतो असे समजले, तर कोरड्या उतारावर तोच २२ टनांचा ताफा सुमारे ११ मीटरांत थांबतो. १४० मीटर कोठे आणि ११ मीटर कोठे! ट्रॅक्टरची अश्वशक्ती दहाने वाढविण्यास जो पैसा लागतो, त्याच्या अल्पशा अंशात ट्रेलरला चांगले ब्रेक बसविता येतात. तरीही खर्चाची वेळ आली की पैसा इंजिनाकडे जातो, ब्रेककडे जात नाही; ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून ट्रॅक्टर पाहावयास गेल्यावर त्याला ट्रेलरच्या ब्रेकसाठी तेलदाबाची अथवा हवेची जोडणी आहे किंवा नाही, हे प्रथम विचारावे. नसल्यास ती बसविता येईल का, हे विचारावे. ट्रॅक्टरचे स्वतःचे ब्रेक तेलात बुडालेल्या चकत्यांचे असावेत. ते चिखल-पाण्याने लवकर निकामी होत नाहीत आणि सतत वापराने तापण्याचे प्रमाणही कमी असते. डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक-पायटे वेगवेगळे असतात ते शेतातील वळणासाठी. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे त्यांच्या पट्टीने एकत्र जोडलेच पाहिजेत. भरल्या ट्रेलरसह एकच पायटा दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूस वळतो.

उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी मोकळी सोडण्याची खोड पुष्कळ चालकांस असते. वाचलेले डिझेल चहाच्या एका कपाच्या किमतीचेही नसते. ज्या गिअरने तो चढ चढता येईल त्याच गिअरने तो उतरावा, आणि गिअर उताराच्या माथ्यावर टाकावा, मध्यावर नव्हे. भार रेटू लागल्यावर मध्येच गिअर बदलावयास गेलेला चालक पुष्कळदा गिअर काढू शकतो, पण पुन्हा टाकू शकत नाही.

शेतातून बांधापर्यंत

रस्त्याचा विचार झाला. परंतु वाहतुकीस प्रारंभ होतो तो फडातून. वाळलेल्या कठीण फडात भरल्या ट्रेलरला वजनाच्या शेकडा ८ इतकी तरी ओढ लागते. १२ टनांना ती ९६० किलो होते, आणि अशा जमिनीत मागील चाकांची पकड सातशे किलोंच्या आसपास मिळते. म्हणजे पूर्ण भरलेला ट्रेलर फडातून निघणार नाही. निम्मा भरलेला निघेल. फड ओला असेल, आणि जमीन काळी भारी असेल, तर रिकामा ट्रेलरदेखील रुतून बसतो. मग दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो, साखळ्या तुटतात, चाके खोल चाकोऱ्या पाडतात आणि खोडव्याचे बुडखे चेंगरून पुढील पीक बसते. याला मोठा ट्रॅक्टर हे उत्तर नव्हे. तोडणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, आणि ट्रेलर बांधालगतच्या पक्क्या जागी उभा करून मोळ्या तेथे आणाव्यात. फड लांब असल्यास अर्धा ट्रेलर आत भरून उरलेला रस्त्यावर भरावा.

या कामात आणखी एक धोका संभवतो. ट्रेलर रुतला की तो निघावा म्हणून काही चालक साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या बाजूस, अवजारे जोडण्याच्या वरील सांध्याला बांधतात. ओढ मागील आसाच्या वर लागली की ट्रॅक्टरची पुढील चाके उचलतात आणि क्षणार्धात ट्रॅक्टर मागे उलथून चालकावर येतो. ओढ नेहमी मागील आसाच्या खाली असलेल्या आकड्यावरूनच घ्यावी. दोन चाकी ट्रेलर घेतला तर त्याच्या भाराचा काही अंश दांडीतून ट्रॅक्टरवर येतो. त्याने मागील चाकांची पकड वाढते हा लाभ आहे, पण पुढील चाके हलकी होतात हा दोषही आहे. ट्रॅक्टरच्या वजनापैकी निदान एक-पंचमांश भाग पुढील चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर चाक वळविले तरी ट्रॅक्टर वळत नाही. ही उणीव पुढे वजने लावून भरून काढावी. ट्रेलर मागे जड भरला तर दांडी वर उचलते आणि मागील चाकांची पकडच जाते. म्हणून दोन चाकी ट्रेलरमध्ये ऊस थोडा पुढे सारून भरावा.

अंतर आणि फेऱ्या

कारखाना पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडे असेल तर ट्रॅक्टरने ऊस नेणे बहुधा किफायतशीर होत नाही. ट्रॅक्टरचा वेग बेताचा, एका फेरीत दिवस जातो, काट्यावर रांगेत रात्र जाते. तेथे मालमोटार ठरविणे बरे. जवळच्या अंतरास मात्र ट्रॅक्टर सरस ठरतो, कारण हंगाम संपल्यावर तोच नांगरटीला, रोटाव्हेटरला आणि मळणीयंत्राला उपयोगी पडतो. केवळ ऊस वाहण्यासाठी ट्रॅक्टर घ्यावयाचा आणि उरलेले सात महिने तो गोठ्यात उभा करावयाचा, हा व्यवहार हप्ता भरताना अंगाशी येतो.

येथेच दोन ट्रेलर जोडण्याच्या मोहाचे मूळ आहे. ठेकेदाराने मुकादमाला उचल दिलेली असते, टोळीला काम पुरवावयाचे असते, बँकेचा हप्ता ठरलेला असतो. एका फेरीत दुप्पट ऊस गेला तर सारे गणित जुळते असे वाटते. ज्या मार्गावर चढउतार नाही, रस्ता रुंद आहे आणि दोन्ही ट्रेलरांना चालू ब्रेक आहेत, तेथे जड ट्रॅक्टरने, परवान्यात बसेल एवढाच भार घालून दोन ट्रेलर नेता येतील. वाटेत एकच ओढ्याचा उतार असेल तर अलीकडे एक ट्रेलर सोडून ते एकामागून एक पार करावेत. अर्धा तास अधिक जाईल. डोंगरी भागात दोन ट्रेलरांचा विचारच करू नये.

कागद आणि चाचणी

मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व परीक्षण संस्था १९५५ पासून काम करीत आहे. तेथे तपासलेल्या ट्रॅक्टरांचे अहवाल प्रसिद्ध होतात. विक्रेत्याने दिलेल्या रंगीत पत्रकापेक्षा हा अहवाल मागून घ्यावा. त्यात ट्रॅक्टरचे पुढील व मागील आसांवरील वजन, वजने लावून व न लावता मिळालेली जास्तीत जास्त ओढ, ब्रेक तापल्यानंतर किती परिणामकारक राहतात, आणि डिझेलचा खप ही माहिती असते. अश्वशक्ती सारखी असूनही ओढीत किती अंतर पडते, ते तेथे आकड्यांनी दिसते. इंजिनाची अश्वशक्ती आणि मागील फिरत्या दांड्यावर मिळणारी अश्वशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेथे स्पष्ट होते. तुलना करताना दोन्ही ट्रॅक्टरांचा एकाच प्रकारचा आकडा घ्यावा. ट्रेलरची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी करावी लागते. विम्यातही त्याचा वेगळा उल्लेख हवा. तो नसल्याचे बहुधा अपघातानंतरच उमगते.

ट्रेलरच्या मागील दिव्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. ऊस भरल्यावर वाढ्यांची टोके मागे लोंबतात आणि दिवे व चमकपट्ट्या त्यांआड झाकून जातात. पहाटेच्या धुक्यात असा उभा ट्रेलर मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास तो आदळेपर्यंत दिसत नाही. दिवे व पट्ट्या ट्रेलरच्या कडेला, भाराच्या बाहेर बसवाव्यात, आणि भरून झाल्यावर लोंबती टोके कोयत्याने छाटावीत. चार पट्ट्यांस एका मोळीइतकाही खर्च येत नाही.

व्यवहार ठरविण्यापूर्वी ट्रॅक्टर आपल्याच ट्रेलरला जोडून, आपल्याच वाटेवरील सर्वांत तीव्र चढावर न्यावा. प्रथम निम्मा भार घ्यावा, मग नेहमीचा. कोरड्या दिवशी, वर्दळ नसताना, चढाच्या मध्यावर तो थांबवून पाहावा, आणि तेथूनच पुन्हा हलवावा. पुढील चाके उचलतात काय, मागील चाके फिरतात काय, हातब्रेक भार धरतो काय, याकडे लक्ष द्यावे. नंतर तोच उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरून, ब्रेक न लावता इंजिन भार कितपत अडविते ते पाहावे. ही परीक्षा चालू असता ट्रेलरच्या मागे कोणी उभे राहू नये. चढावर उभ्या ट्रेलरच्या चाकाखाली ठेवावयाचा लाकडी ठोकळा दोरीने ट्रेलरलाच बांधलेला असावा, म्हणजे गाडी हलताच तो मागे ओढला जातो. सुटा दगड वापरला तर तो रस्त्यातच राहतो, आणि अंधारात मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आपटतो.